कमरेच्या वर

"येऊ नकोस म्हणून किती वेळा सांगितलं तुला," शोना म्हणाली. "एखाद्या मांजरानेसुद्धा ऐकलं असतं."

टोरोंटोच्या त्या हॉटेलातल्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये रीड ओसाडचुक खुर्चीवर वाकून उजव्या बुटाची नाडी सैल करत होता. सामन्याच्या दिवशी घालायचा तोच निळा सूट आणि तेच कडक चामड्याचे बूट घालून आला होता. उजव्या पावलाच्या कडेला आता हाडाचं टेंगूळ होतं, आणि बूट नेमका तिथेच चावत होता. जुलै सरत आलेला, बाहेर नुसती काहिली, आणि हा गडी टाय लावून स्वतःचेच वाभाडे ऐकायला विमानाने आला होता!

शोना काट्झ त्याची एजंट. रीड मिसरूड फुटलेलं पोर होता तेव्हापासून त्याचे करार तीच करायची, आणि त्याला रागवायचा हक्कही तिने तेव्हाच घेऊन टाकला होता.

पगारावरून क्लबचं आणि खेळाडूचं जमलं नाही, की आमच्या आइस हॉकीच्या लीगमध्ये लवादापुढे जातात. खेळाडूची बाजू सांगते, हा किती मोलाचा. क्लब सांगतो, कसला मोलाचा, जरा नीट बघा. लवाद आकडा ठरवून मोकळा होतो, आणि सप्टेंबर उजाडला की हीच सगळी मंडळी पुन्हा एका छपराखाली कामाला लागतात, जणू काही झालंच नाही. शहाणी माणसं आदल्या दिवशीच तडजोड करतात. आत गेलेल्यांपैकी कितीतरी जण नंतर वर्षभर क्लबवाल्यांशी धड बोलत नाहीत. म्हणून तर एजंट खेळाडूला म्हणतात, बाबा, तू तळ्यावर मासे पकडायला जा, इथलं आम्ही बघतो.

"गार्न असणार ना आत?" रीडने विचारलं.

"असणारच. जनरल मॅनेजर आहे तो. तुझ्या समोर बसेल, आणि बोलेल त्याचा वकील."

"गार्न बोलतील. एक वाक्य तर बोलायचंय."

शोनाने चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं. तिला ते वाक्य ठाऊक होतं. "रीड, राजा, तो मूग गिळून बसेल. लिहून घे माझ्याकडून."

रीडला पगाराचं काही पडलं नव्हतं असं म्हटलं तर ते खोटं होईल. पगार कोणाला नको असतो? पण मे महिन्यापासून त्याचं मन दुसऱ्याच गोष्टीत अडकलं होतं. हॅलिफॅक्स क्लबच्या जनरल मॅनेजरने, गार्नेट प्राउजने, चार लोकांसमोर एकदा म्हणावं, की याचा पाय मोडला होता आणि मला ते माहीत होतं. बस, एवढंच. त्यापुढे आकडा काय पडायचा तो पडो.

मे महिन्यात बाद फेरी चालू होती. रीड बचावपटू. समोरचा फटका मारायला लागला की त्याच्या आडवं जायचं आणि चकतीसारखा तो टणक रबरी पक अंगावर घ्यायचा, हे त्याचं काम. दुसऱ्या फेरीच्या निर्णायक सामन्यात त्याने एक फटका उजव्या पावलावर घेतला. सामना जिंकला. आत आल्यावर क्लबचा म्हातारा फिजिओ मोर्ली बूट काढायला गेला, तर बूट निघेना. शेवटी नाड्या कात्रीने कापल्या. आतून पाऊल निघालं ते वांग्याच्या रंगाचं.

आता आमच्या हॉकीत एक रीत आहे. कुठे लागलंय ते कोणी सांगत नाही. सांगितलं, की समोरचे नेमका तिथेच दणका देणार. म्हणून पत्रकारांना क्लब दोनच गोष्टी सांगतो, कमरेच्या खाली लागलंय नाहीतर कमरेच्या वर लागलंय. करंगळी मुरगळली तरी कमरेच्या वर आणि जबडा फुटला तरी कमरेच्या वर. बाहेरच्यांना हसू येतं, येऊ दे. कधी खेळणार म्हणून विचारलं तर 'रोजचं रोज बघू'. त्यापुढे कोणी विचारत नाही. विचारणं बरं दिसत नाही.

आणि आतली रीत तर याच्याही वरताण. एक्स-रे काढला की मोडलेलं हाड दिसतं. दिसलं की डॉक्टरला लिहावं लागतं, आणि लिहिलं की माणूस घरी बसतो. म्हणून मग एक्स-रेच काढायचा नाही! सगळ्यांना माहीत असतं, आणि कोणालाच माहीत नसतं.

त्या दिवशी गार्नेट स्वतः फिजिओच्या खोलीत आला. बाद फेरी चालू असताना तो कधी खाली येत नसे. दारात उभा राहून त्याने त्या पावलाकडे पाहिलं. मोर्लीच्या हातात फोन होता, हॉस्पिटलला लावू की नको अशा बेतात.

"एक्स-रे काढायचा का, ओझी?" गार्नेटने विचारलं. ओसाडचुकचं आमच्या जिभेवर ओझी झालेलं. "तू सांगशील तसं."

आणि या शहाण्याने काय म्हणावं? "कशाला, गार्न? आत पाय आहे एवढंच दिसणार."

गार्नेट खो खो हसला. आत आला, रीडच्या डाव्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "अशी वीस माणसं द्या मला, कप माझा." मोर्लीने फोन खिशात घातला. रीडच्या अंगावर मूठभर मांस चढलं. सस्कॅचेवानच्या शेतातून आलेल्या पोराला आणखी काय पाहिजे?

पुढच्या फेरीत रोज डॉक्टर बधिर करायची सुई टोचायचा आणि मोडलंय का म्हणून विचारायचा नाही. समोरच्यांना दोनच सामन्यांत वास लागला. ते रीडच्याच बाजूने घुसायला लागले. आपल्याच गावातले, आपल्याच रंगाचे स्वेटर घातलेले लोक त्याच्या नावाने हुर्यो करायला लागले. हॅलिफॅक्स हरलं. जूनमध्ये तो सस्कॅचेवानला गावी गेला तेव्हा तिथल्या छोट्या हॉस्पिटलात त्याने एक्स-रे काढला. डॉक्टर तो उजेडात धरून म्हणाला, "मोडलेलं हाड वेडंवाकडं जुळलंय की रे. कधी मोडलं होतं?"

आतली खोली अगदी गारढोण होती. लांब टेबल, पाण्याचे जग, कोणी हात न लावलेले मफिन. टेबलाच्या टोकाला लवाद, मादाम बोशां, माँट्रियलच्या. पांढऱ्या केसांची, कमी बोलणारी बाई. बंदर कामगारांचे आणि नर्सांचे तंटे सोडवण्यात तिचं आयुष्य गेलं होतं. समोर क्लबचा वकील एल्ड्रिज, आणि त्याच्या शेजारी गार्नेट. गार्नेटने रीडला पाहून मान हलवली, अगदी प्रेमाने. रीडनेही हलवली.

आधी शोना बोलली, आणि छान बोलली. मग एल्ड्रिज उठला. सभ्य माणूस, आवाजही मऊ. सोलायचं काम तो मऊ आवाजातच करायचा.

"मिस्टर ओसाडचुक प्रामाणिक खेळाडू आहेत," त्याने सुरुवात केली.

आमच्यात कोणाला प्रामाणिक म्हटलं की समजायचं, पुढे काही बरं ऐकायला मिळत नाही. आणि तसंच झालं. याचे पास जेमतेम. याच्या जोडीला चांगला खेळाडू असतो म्हणून हा चांगला दिसतो. मग पडद्यावर मे महिना आला.

"जेव्हा खरी गरज होती तेव्हा यांचा वेग घटला," एल्ड्रिज म्हणाला. "उजव्या पायावर जोर देऊन वळणं ते टाळत होते. वळावंच लागलं तर मोठा फेरा घ्यायचे. आमच्या मते ही उतरणीची सुरुवात आहे."

सत्ताविसाव्या वर्षी उतरण! रीडला राग नाही आला, निदान आधी नाही आला. त्याच्या मनात भलतंच आलं. उजव्या पायावर आपण वळत नव्हतो, हे या वकिलाला कळणं शक्य नाही. याने जन्मात स्केट घातले नसतील. हे कोणीतरी जाणत्या माणसाने खेळ पुन्हा पुन्हा मागे नेऊन बघितलंय आणि याला सांगितलंय. कुठे बघायचं ते आधीच माहीत असलेल्या माणसाने. रीडने गार्नेटकडे पाहिलं. गार्नेट पडद्याकडे बघत होता.

शोनाने एक्स-रे टेबलावर ठेवला. "उतरण नाही, मादाम. हा माणूस मोडक्या पायाने खेळत होता."

"जूनमध्ये काढलाय हा," एल्ड्रिज हळूच म्हणाला. "हे शेतकरी कुटुंबातले आहेत. शेतावर ट्रॅक्टर असतात, तळ्यावर बोटी असतात. कुठे काय झालं कोणी सांगावं? क्लबच्या नोंदींत अशी कोणतीही दुखापत नाही."

हे शंभर टक्के खरं होतं. म्हणून तर जिव्हारी लागलं.

मादाम बोशांनी पेन्सिल खाली ठेवली. "मिस्टर ओसाडचुक, पाय मोडला असेल तर तेव्हाच एक्स-रे का नाही काढला?"

शोनाने टेबलाखाली त्याच्या गुडघ्याला गुडघा लावला. घे नाव, असं ती म्हणत होती. बाबा रे, घे एकदाचं नाव.

"मीच नको म्हटलं, मादाम."

"कोणाला?"

नाव घेणं अवघड नव्हतं, ते अगदी जिभेच्या टोकावर होतं. पण आपण कोणाचं नाव घेत नाही, रक्त पुसून पुन्हा बर्फावर उतरतो, हे त्याच्या हाडात भिनलेलं. शिवाय नाव ओढून काढलं तर त्याला अर्थ काय राहिला? ज्याने ते पाऊल पाहिलं त्याने आपणहून म्हणायला हवं होतं.

"ज्यांनी विचारलं त्यांना," रीड म्हणाला. "त्यांना वाटलं तर ते सांगतील."

मादामची नजर टेबलाच्या पलीकडे गेली आणि तिथेच थांबली. बाई वेडी नव्हती. एल्ड्रिज खाकरला. गार्नेटने समोरचे कागद उचलले, टेबलावर ठोकून त्यांच्या कडा सारख्या केल्या आणि पुन्हा खाली ठेवले. मग पाण्याचा घोट घेतला. रीड वाट पाहत राहिला. गोल झाला की नाही हे पंच सांगेपर्यंत वाट पाहावी तशी. बोला ना, गार्न. एक वाक्य तर आहे.

"पुढे जाऊ या का?" एल्ड्रिजने विचारलं.

आणि सगळे पुढे गेले. नंतर कोण काय बोललं ते रीडला आठवत नाही. तिसऱ्याच कोणा खेळाडूचं नाव निघत होतं, आकडे येत होते. तो टेबलाखाली बुटाची नाडी पुन्हा बांधत बसला.

बाहेर आल्यावर शोना म्हणाली, "आकडा वाईट नाही पडणार. त्या बाईला सगळं कळलंय." मग त्याचा चेहरा बघून, त्याच्या बाहीवरून हात फिरवत ती म्हणाली, "मी टॅक्सी बघते. ये तू सावकाश."

रीड लिफ्टपाशी उभा होता. मागून ओळखीची पावलं आली, आणि डाव्या खांद्यावर हात पडला. तोच हात, तोच खांदा.

"मनाला लावून घेऊ नकोस, ओझी," गार्नेट म्हणाला. कॉरिडॉरमध्ये दुसरं कोणी नव्हतं. "आतलं आत. धंदा आहे हा, तुला कळतं ते. हॅलिफॅक्सला सगळे तुझ्यावर जीव टाकतात. मोर्ली तर रोज विचारतो." मग आवाज खाली आणून तो अगदी काळजीने म्हणाला, "पाय कसा आहे आता?"

म्हणजे येत होतं बोलता! हवं होतं ते शेवटी मिळालं, लिफ्टच्या दाराशी, कानोकान खबर लागणार नाही अशा आवाजात. रीडच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि त्याचा त्याला इतका संताप आला की त्याने दाराकडे तोंड फिरवलं.

"पाय झकास आहे, गार्न," तो म्हणाला. "आता कमरेच्या वर लागलंय."

गार्नेटने तोंड उघडलं. आयुष्यभर त्याने हेच वाक्य पत्रकारांच्या तोंडावर फेकलं होतं, आणि त्यापुढे विचारायचं नसतं हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? त्याने तोंड मिटलं. खांद्यावरचा हात तेवढा हळूच निघाला.

"सप्टेंबरपर्यंत बरं होईल ना?" त्याने विचारलं.

"रोजचं रोज बघू," रीड म्हणाला, आणि लिफ्टचं बटण दाबलं.