पट्टीखालचा मायना

कॉलेजात सगळे तिला हंगामी मॅडम म्हणत. तोंडावर नव्हे, पण भिंतींना कान असतात आणि स्टाफरूमच्या भिंतींना तर तोंडही होतं. तीन वर्षं ती हंगामी होती. आज मात्र विभागप्रमुख सर स्वतः तिच्या तासाला येऊन बसणार होते. त्यांचा शेरा चांगला पडला तर ती कायम होणार होती, नाहीतर जूनपासून घरी बसायचं होतं.

विषय होता इंग्रजी साहित्यातले प्रकार. तिची शिकवण्याची एक खास तऱ्हा होती. वेगवेगळ्या पुस्तकांतली, वह्यांतली पानं काढायची आणि झेरॉक्सवाल्या मावशींकडे द्यायची. मावशी प्रत्येक पानाच्या वर-खाली इंचभर कोऱ्या कागदाची पट्टी ठेवून प्रती काढत, म्हणजे शीर्षक, लेखक सगळं गायब. मग मुलांनी नुसता मजकूर वाचून सांगायचं, की हे शोकगीत, प्रहसन, रहस्यकथा की आणखी काही. नावं दिसली की मुलं विचार करायचं सोडून गाईड आठवू लागतात, असं तिचं ठाम मत होतं.

पंचावन्न मुलं बसली. सर मागच्या बाकावर, जाड चष्मा आणि जाड वही घेऊन. पहिली चार पानं झकास गेली. मुलांनी एका सुनीतावर हमरीतुमरी केली, सरांनी दोनदा मान डोलावली. आपली नौका आता किनाऱ्याला लागलीच, असं तिला वाटलं. मग तिने पाचवं पान उचललं आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. मजकूर साध्या, ठोकळेबाज इंग्रजीत होता. त्याचा अर्थ असा:

"सकाळी सात-दहा. स्वयंपाकघरातला नळ गळत होता. वॉशर बदलला. आता आवाज नाही. दुपारी एक. दोन ताटं घेतली. एक परत ठेवलं. संध्याकाळी सहा-चाळीस. जिन्यात पावलं. वरच्या मजल्यावर गेली. सात-वीस. पावलं. समोरच्या घरात गेली. आठ-पाच. पावलं. दार उघडलं. बिघाड नाही."

'वॉशर'पाशीच तिने ओळखलं होतं. हे तर बाबांचं!

बाबा म्हणजे निवृत्त लिफ्ट मेकॅनिक. छत्तीस वर्षं लिफ्टच्या वहीत इंग्रजीतून नोंदी केल्या. आई गेली, नोकरी संपली, पण हात काही स्वस्थ बसेना. मग घराचीच वही सुरू झाली. रोज रात्री ते एक पान तिच्या टेबलावर ठेवत. "ताईसाहेब, जरा इंग्रजी तपासा," म्हणत. ताईसाहेब पंचावन्न पोरांचे पेपर तपासत, आणि बाबांचं पान "उद्या बघते" म्हणून फायलीत सारत. त्याच फायलीतून हे महाशय मावशींच्या हाती गेले होते.

पान मागे घ्यायची सोयच उरली नाही, कारण मुलं तोवर पेटली होती.

"भुताची गोष्ट!" पहिल्या बाकावरची हुशार मुलगी म्हणाली. "पावलं वाजतात, माणूस दिसत नाही."

"छे, प्रहसन," दुसरा म्हणाला. "एवढी तयारी कशाची, तर बिघाड नाही सांगायची!"

"ॲब्सर्ड नाटक असणार. काही घडतच नाही त्यात." हा तिसरा जाडजूड पुस्तकं काखोटीला मारून हिंडणारा. सगळे हसले. हंगामी मॅडमही हसल्या, पण त्यांचे कान तापले होते.

एवढ्यात शेवटून दुसऱ्या बाकावर सरांच्या पुढेच पेंगणारा, वर्गाने 'डुलक्या' नाव ठेवलेला मुलगा उठला. वर्षभरात पहिल्यांदाच.

"मॅडम, हे पत्र आहे."

"पत्र कसं?" तिने सवयीने विचारलं. "पत्राला मायना लागतो."

"तो पट्टीखाली गेला असेल ना, मॅडम. कुणाची तरी वाट बघतोय माणूस. ते कुणीतरी आलं म्हणून लिहायचा थांबला."

सरांनी चष्मा वर केला. "लेखक कोण, मॅडम?"

एखादं अनोळखी नाव ठोकून द्यायला तिला अर्धं मिनिटही लागलं नसतं. ती म्हणाली, "माझे वडील, सर. हे पान चुकून आलं. आणि प्रकार मीच ओळखला नव्हता. इतके दिवस मी याला नोंदवही समजत होते."

सरांनी वहीत बराच वेळ लिहिलं. तास संपल्यावर तिने मान वाकडी करून शेरा वाचलाच. "तास उत्तम. कायम करण्यास हरकत नाही. पानं आधी स्वतः वाचत जावीत."

"पाचला नियतकालिकाच्या समितीची बैठक आहे, लक्षात आहे ना?" सरांनी जाता जाता विचारलं. रोज असं काहीतरी असे, आणि तिने आजवर कशालाच नाही म्हटलं नव्हतं.

"आज मी नाही, सर," ती म्हणाली. आपल्या आवाजाचं तिचं तिलाच नवल वाटलं.

मावशींकडून तिने मूळ पान परत घेतलं. वर, जिथे पट्टी होती तिथे, ठळक अक्षरांत 'घर' लिहिलं होतं. खाली लिफ्टच्या वहीसारखी चौकट होती: 'तपासणार: मुलगी. सही:' आणि पुढे कोरी जागा. फायलीत अशी एकेचाळीस पानं निघाली. कॉलेजच्याच जिन्याच्या पायरीवर बसून तिने सगळी वाचली आणि भरपूर रडून घेतलं. मग तोंड धुतलं आणि घर गाठलं.

तिला दारात बघून बाबा चक्रावले. "काय गं, कॉलेज बंद पडलं की तुला काढलं?"

"दोन्ही नाही. तुमची पानं तपासून आणली." तिने गठ्ठा पुढे केला. एकेचाळीस चौकटींत एकेचाळीस सह्या होत्या.

बाबांनी चष्मा शोधला, तो डोक्यावरच होता. पानं उलटली. कुठे लाल खूण दिसेना. "एकही चूक नाही?"

"एकच आहे. सगळीकडे तीच. आठ-पाच लिहिलंय. ती माझी चूक होती."

घड्याळाकडे बघून बाबांनी कानावरची पेन्सिल काढली, वहीचं नवीन पान उघडलं आणि सावकाश लिहिलं:

"पाच-पन्नास. जिन्यात पावलं. आपलीच."