सात जणांसमोर सरळ केलेली डोलकाठी

मी क्लबचा सुतार. तीस वर्षं होड्या दुरुस्त करतोय, म्हणून सांगतो, लाकडाला समजावता येतं, समितीला नाही.

काम साधं होतं. शिडाच्या होडीची डोलकाठी डेकमधल्या भोकातून थेट तळापर्यंत जाते. भोक काठीपेक्षा जरा मोठं असतं. उरलेल्या फटीत चहूबाजूंनी लाकडी पाचरी ठोकून काठी सरळ आणि घट्ट बसवायची. वाकडी बसली तर जोराच्या वाऱ्यात डेकपाशीच मोडते. दुपारी शर्यत होती आणि होडी नेणार होती माझी धाकटी, म्हणून पहाटेपासून मी पाचरी तासत होतो.

पण मागच्या वर्षी कुणीतरी न विचारता डेकवर एक खिळा मारला होता. तेव्हापासून नियम झाला, डेकवरचं प्रत्येक काम संपूर्ण समितीच्या उपस्थितीत. झालं! सातही जण वर चढले. ऊन मी म्हणत होतं, आणि सावली फक्त उजवीकडे, धक्क्याच्या छपराची. सगळे तिकडे गोळा झाले. सातांत एकही हडकुळा नाही, देवाची कृपा. होडी उजवीकडे कलली.

"साहेब, खाली उतरा. होडी कललीय, माप चुकेल."

"उतरलो तर उपस्थिती कशी धरायची?" चिटणीसबाई म्हणाल्या.

"मग निदान तिघं डावीकडे बसा."

"उन्हात?" अध्यक्षांनी असं पाहिलं, जणू मी त्यांची किडनी मागितली. "ओळंबा लाव. ओळंबा खोटं बोलत नाही."

पेन्शनला दोन वर्षं राहिली होती. मी ओळंबा लावला. उजव्या पाचरी ठोकल्या, काठी डावीकडे सरकली, ओळंब्याला लागली. टाळ्या पडल्या. 'डोलकाठी सरळ आहे' या कागदावर सात सह्या झाल्या, आठवी माझी.

मंडळी नाश्त्याला उतरली. होडी सरळ झाली आणि काठी डावीकडे झुकली, चांगली हातभर. अध्यक्षांनी वळून पाहिलं.

"होडी वाकडी आहे," ते म्हणाले. "उजवीकडे वाळूची पोती ठेवा. आमच्या वजनाइतकी."

तेवढ्यात धाकटी आली, तरंगायचं जॅकेट घालून. तिला बघितलं आणि माझं डोकंच फिरलं.

"पोती नाहीत नि बिती नाहीत! काठी मोडली तर माझ्या पोरीच्या डोक्यात पडेल, तुमच्या ठरावावर नाही! आता सगळे धक्क्यावरच उभे राहा. उपस्थिती तिथून धरा."

मी पाचरी उपटल्या, काठीला दोन्हीकडून ताणून धरणाऱ्या तारा सारख्या केल्या आणि सगळं नव्यानं ठोकलं. अर्धा तास लागला. चिटणीसबाईंनी लिहून घेतलं, 'समितीने धक्क्यावरून डोलकाठी सरळ करून घेतली.'

धाकटीने काठीला धक्का देऊन पाहिला. तसूभर हलली नाही. मग डेकवर पडलेला सकाळचा कागद तिने उचलला.

"बाबा, यावर तुमची सही आहे."

"आहे."

"वाकडी आहे हे तेव्हा माहीत होतं?"

"होतं."

तिने कागद माझ्या हातात दिला आणि मी उतरल्यावर होडीचा दोर सोडला. एरवी 'येते हं बाबा' म्हणते. त्या दिवशी नुसतीच गेली.