बेवारस बाटली

मित्रांनो, मला मोडीत काढायची घाई करू नका! मी जुनी सायकलरिक्षा असले तरी माझी हाडं अजून शाबूत आहेत. फरीदाबादच्या एका कारखान्यात माझा सांगाडा जोडला गेला. तेव्हापासून दिल्लीतल्या मयूर विहारच्या मेट्रो स्टेशनपासून सोसायट्यांपर्यंत मी माणसं वाहते आहे. मराठी मी माझ्या प्रवाशांकडून शिकले. माझा मालक अशोक रोज सकाळी माझी घंटी पुसतो. तिच्यासारखा खणखणीत आवाज या रस्त्यावर दुसरा नाही, हे मी छातीठोकपणे सांगते.

दिवसा लोक माझं कौतुक करत. संध्याकाळी मात्र काही जण माझ्या गादीचा दारूचा गुत्ता करत. मग आमच्या भागात नियम आला: रिक्षात कुणी प्यायला तर दंड त्याला, पण बाटली बेवारस सापडली तर रिक्षाच जप्त. जप्त झालेल्या माझ्या मैत्रिणी कुठेतरी उन्हापावसात गंजत पडल्या आहेत.

विनयसाहेब माझे रोजचे प्रवासी, सरकारी कचेरीतले अधिकारी. पुण्याहून त्यांचे वडील अण्णासाहेब राहायला आले, तेव्हापासून घरी पिण्याची सोय उरली नाही. मग साहेब कोल्ड्रिंकच्या बाटलीत दारू मिसळून माझ्यावर बसूनच प्यायचे आणि उतरताना वेलची चघळायचे.

"साहब, मत पीजिए. गाड़ी मेरी जाएगी," अशोक एकदा म्हणाला.

"अरे यार, कोल्ड्रिंक है!"

त्याच संध्याकाळी सोसायटीच्या फाटकाशी अण्णासाहेब उभे होते आणि शेजारी तपासणीला आलेला पोलीस. साहेबांनी झटकन बाटली माझ्या गादीखालच्या पेटीत कोंबली. पोलिसाने ती बाहेर काढून हुंगली.

"किसकी है?"

"साहब की," अशोक म्हणाला. साहेबांनी मान फिरवली. पोलीस माझ्या चाकाला साखळी घालू लागला. मी घाबरले, मित्रांनो, खरंच घाबरले.

तेवढ्यात अण्णासाहेब पुढे झाले. "बोतल मेरी है. बेटा मेरे लिए लाया है. चालान मेरे नाम से काटिए."

आयुष्यात थेंबाला न शिवलेला माणूस!

"अण्णा, काय बोलताय हे?" साहेब पुटपुटले.

"रोज वेलची खाऊन येतोस. मला काय नाक नाही? या माणसाचं पोट आहे या रिक्षावर. तू गप्प बसलास, मग कुणीतरी बोलायला हवं ना?"

साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला. "मेरी है," ते पोलिसाला म्हणाले. "मैंने ही पी है."

दंड भरून ते माझ्याकडे वळले, तर गादीवर अण्णासाहेब ऐटीत बसलेले. "चलो अशोक, एक चक्कर हो जाए. विनय, तू चालत ये रे."

अशोकने वाटभर माझी घंटी वाजवली आणि साहेब मागून मुकाट्याने चालत आले.

मित्रांनो, मला वेळेवर तेल द्या, माझी गादी स्वच्छ ठेवा. मी तुम्हाला सुखरूप घरी पोचवीन. फक्त घरच्यांपासून जे लपवायचं असेल, ते माझ्या पेटीत ठेवू नका.