कार्टूनमधली म्हातारी

आईने टेबलावरचा माइक दोन बोटांनी उचलला, मेलेली पाल उचलावी तसा, आणि कोपऱ्यातल्या रद्दीवर नेऊन ठेवला.

"इथे नको. इथे बसून मी देवाला हात जोडते."

स्टुडिओने पाठवलेली मुलगी ओशाळली. कार्टूनमधल्या म्हातारीला आता ती आवाज देणार होती. इतकी वर्षं तो आवाज या घरातल्या मुलाचा होता. चाळिशी ओलांडलेला हा बाप्या बोळक्या तोंडाने बोलायला लागला, की घरोघरी लोक पोट धरून हसायचे. मागच्या महिन्यात डॉक्टरांनी त्याचं स्वरयंत्र काढलं. गाठ गेली, आवाजही गेला. गळ्याला भोक राहिलं आणि त्यावर एक पातळ रुमाल.

आईने ते कार्टून एकदाच पाहिलं होतं. त्यात म्हातारी देवाला फोन लावते. वरचा कारकून म्हणतो, आपण रांगेत आहात. बया रांगेतही भांडते. ते नाक ओढणं, ते 'ऐकतोयस ना रे मेल्या', सगळं आईचंच. पोटच्या पोराने आईला बाजारात मांडलं, असं ती चारचौघांत म्हणाली होती आणि कितीतरी दिवस त्याच्याशी बोलली नव्हती. तेव्हा तो बोलायचा. हाका मारमारून बोलायचा.

मुलाने फोनवर काहीतरी टिपलं आणि मुलीपुढे धरलं. आईला अक्षर जेमतेम कळायचं. लेकाचं बोलणं आता परक्या पोरीच्या तोंडून ऐकायचं.

"ते म्हणतात, मी नुसती नक्कल करत होतो. मूळ माल समोर बसलाय."

"आईला माल म्हणतो! आवाज गेला, पण आगाऊपणा जागच्या जागी आहे."

"आजी, तुमचं ऐकून मला जमलं नाही तर म्हातारीला मारून टाकणार आहेत. पुढच्याच भागात."

"मारू देत. वय झालंच आहे तिचं."

मुलगा हसला नाही. त्याचा हात गळ्यावरच्या रुमालाकडे गेला आणि तिथेच राहिला. मग त्याने खिडकीकडे तोंड फिरवलं.

आई गुडघ्यांवर हात टेकून उठली. रद्दीवरचा माइक घेऊन आली आणि आपल्या जागेपुढे मांडून बसली.

"काय म्हणायचं?"

"रोज म्हणता तेच."

तिने डोळे मिटले.

"ऐकतोयस ना रे मेल्या? जन्मभर जे मागितलं त्याच्या उलटंच दिलंस. तेही गोड मानून घेतलं. आता लेकाचा आवाज तेवढा परत दे. तुझ्याकडे शिल्लक नसेल, तर माझा काढ आणि त्याला लाव. माझं बोलून झालंय सगळं."

मुलीने हळूच हेडफोन काढला.

"आजी, फार... पण हे ऐकून लोक रडतील. हसायला यायला हवं."

आईने लेकाकडे पाहिलं. त्याने फोन उचलला, काही न लिहिताच खाली ठेवला. मग नाक मुरडलं, मान ताठ केली आणि एक बोट वर आढ्याकडे रोखून हलवलं. कार्टूनमधली म्हातारीच होती ती, हुबेहूब. फक्त आवाज नव्हता.

"कळलं," आई म्हणाली. "चालू कर गं."

तिने सुर्रकन नाक ओढलं. बोट वर रोखलं. तीच प्रार्थना, तेच शब्द, पण या वेळी नळावर भांडायला उभी राहिल्यासारखे. 'माझा काढ आणि त्याला लाव' म्हणेपर्यंत मुलीला हसू आवरेना. मुलाचे खांदे गदागदा हलू लागले. तोंड उघडं, डोळ्यांत पाणी, गळ्यावरचा रुमाल भराभर वरखाली. आई त्याच्याकडे पाहत राहिली, पण मध्ये थांबली नाही.

"जमलं?" शेवटी तिने विचारलं.

"जमलं आजी. आता हेच ऐकून ऐकून शिकते मी."

आईने माइक उचलून मुलीच्या हातात दिला.

"घेऊन जा," ती म्हणाली. "मला आता त्याचं काम नाही. वर सांगायचं ते सांगून झालं."

आणि देवाला हात न जोडताच ती तिथून उठली.