तीन रविवार

आमच्या घरी काही मागायची एक पद्धत होती. ती मी काढलेली, म्हणून मला तिचं भारी कौतुक. मुलीला काही हवं असेल तर लगेच मागायचं नाही, वहीत लिहायचं. मग ओळीने तीन रविवार स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून स्वतःलाच विचारायचं, अजून हवंय का? हवं असेल तर पुढे खूण करायची. तीन खुणा झाल्या की माझ्याकडे यायचं, मी एका शब्दाने नाही म्हणणार नाही. मधेच ओढ संपली तर ती नुसती हौस होती असं समजून ओळ खोडून टाकायची.

मला लहानपणी पैशाचं कुणी काही शिकवलं नव्हतं. पस्तिशीपर्यंत दर महिन्याच्या वीस तारखेला मी खिसे चाचपत फिरायचो. निदान हिचं तरी असं होऊ नये, एवढाच हेतू होता.

पोरगी तेव्हा सहा वर्षांची. आवाज करणारी बाहुली पहिल्याच रविवारी खोडली गेली. चाकांचे बूट दुसऱ्या रविवारी. रंगपेटी तीन खुणा घेऊन आली आणि मी त्याच संध्याकाळी आणून दिली. मी तिला मुनीमजी म्हणायला लागलो. बायको म्हणायची, "हट्ट करायचं वय आहे तिचं, करू दे की जरा." मी हसण्यावारी न्यायचो.

मी चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. काचा घासून फ्रेममध्ये बसवतो, बावीस वर्षं झाली. गिऱ्हाइकाचं पोर फ्रेमसाठी भोकाड पसरायला लागलं की मी यंत्र थांबवून आमच्या मुनीमजींची गोष्ट सांगायचो. लोक माना डोलवायचे आणि मी भाव खायचो. आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

दुकानातून बाद झालेला अक्षरांचा एक तक्ता मी घरी आणून स्वयंपाकघराच्या दारामागे लावला होता. दर सहा महिन्यांनी तिला समोरच्या भिंतीला उभी करायचो, आधी एक डोळा झाकायला लावायचो, मग दुसरा. ती धडाधड वाचायची, शेवटच्या बारीक ओळीसकट. तिची अक्षरओळखच त्या तक्त्यावर झाली होती, हे माझ्या टाळक्यात एकदाही आलं नाही.

ती नऊ वर्षांची झाली तेव्हा मालकांनी दुकानातला तक्ता बदलला. शाळा सुटल्यावर ती माझ्याकडे आली होती. मालकांनी तिला गमतीनेच खुर्चीवर बसवलं आणि उजवा डोळा झाकायला सांगितला. तिने मान पुढे काढून बघितलं.

"काका, हा कुठला तक्ता आहे?" तिने विचारलं. "हा आमच्या घरचा नाही."

"नसू दे. वरचं मोठं अक्षर सांग."

"कुठंय?"

माझ्या हातातली काच तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरबाई शांत होत्या. म्हणाल्या, डावा डोळा सुरुवातीपासूनच कमजोर होता. उजवा चांगला, म्हणून मेंदूने डाव्याकडे बघणंच सोडून दिलंय. आता नुसता चष्मा देऊन भागायचं नाही, चांगला डोळा झाकून याला कामाला लावावं लागेल. "सहाव्या वर्षी आणली असतीत तर बहुतेक भरून आलं असतं. आता करू प्रयत्न. पण शब्द देत नाही."

"पैशाचं काही नाही," मी म्हणालो. "पैसे आहेत माझ्याकडे." आणि ते खरं होतं. पद्धतीने वागून मी चांगले साठवले होते.

"पैशाचा प्रश्नच नाहीये हो," बाई म्हणाल्या.

घरी आल्यावर मी पोरीला विचारलं, "तुला कधी कळलंच नाही का गं?"

"कळलं होतं की." ती आत जाऊन पहिलीतली वही घेऊन आली. चाकांच्या बुटांच्या खाली तिच्या वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं होतं, डावा डोळा नीट दिसत नाही. पुढे दोन खुणा. मग पट्टी लावून सरळ मारलेली काट.

"तिसऱ्या रविवारी काही वाटेना," ती म्हणाली. "सवय झाली होती. तूच म्हणाला होतास, चालून जात असेल तर खोडायचं. आणि चष्मा किती महाग असतो ते तू रोज सांगायचास."

बायकोने वही वाचली आणि माझ्यापुढे ठेवली.

त्याच दिवशी मी पद्धत बंद केली. पोरीला समोर बसवून सांगितलं, की बाबाचं चुकलं, सपशेल चुकलं. "आता काहीही हवं असलं, काहीही दुखलं, खुपलं, तर लगेच मागायचं. वही नाही, रविवार नाही. कळलं?"

"हो."

"नक्की?"

"हो रे बाबा."

आता तिच्या उजव्या डोळ्यावर रोज सहा तास पट्टी असते. तेवढा वेळ ती दारांच्या चौकटींना हात लावत चालते. पेला धरताना तिचा हात जरा अलीकडेच मिटतो. मी दिवसभर लोकांचे चष्मे बसवतो आणि घरी येऊन ते बघतो. दुसरं काही माझ्या हातात नाही.

परवा दुपारी ती टेबलाशी बसली होती. पट्टी लावलेली, नाक कागदाला टेकलेलं, बोटाएवढ्या मोठ्या अक्षरात काहीतरी लिहीत होती. मी जवळ गेल्यावर तिने वहीवर हात आडवा धरला.

"काय लिहितेस?"

"काही नाही."

"काही दुखतंय का बाळा? काही हवंय का? सांग ना."

तिने वही मिटली आणि माझीच समजूत घातल्यासारखा माझ्या हातावर हात ठेवला.

"अजून पहिलाच रविवार आहे, बाबा."