पुस्तकातला घोडा

मित्रांनो, मी एक जुना घोडा आहे. भिसेगावच्या पलीकडे नदीकाठी जी वीटभट्टी आहे, तिथे तुमच्या शाळेच्या तारेच्या कुंपणाला लागून मी उभा असतो. तुम्ही मला रोज पाहता. आत्ताही पाहता आहात. तुमच्या हातात काय आहे तेही मला दिसते आहे, पण त्याचे नंतर बोलू. आधी माझी गोष्ट ऐका. घोड्याची गोष्ट तो चार पायांवर असेपर्यंतच ऐकून घ्यावी, कारण म्हातारा घोडा एकदा खाली बसला की सहसा उठत नाही.

मी पांढरा होतो. हसू नका. अंगावर विटांची माती बसून बसून आज मी असा दिसतो, पण शिंगरू होतो तेव्हा दुधासारखा पांढरा होतो आणि म्हणूनच माझा सौदा झाला. माथेरानचा घोडेवाला येसाजी सारंगखेड्याच्या बाजारात आला आणि मला घेऊन गेला. डोंगरावर त्याची बायको भागूबाई वाट पाहत होती. तिने माझे तोंड उघडून दात पाहिले, मग डोळे पाहिले आणि म्हणाली की जनावर चांगले आहे, गिऱ्हाईक भुलेल. माझ्या आयुष्यातली ती पहिली स्तुती. तिच्यानंतर लगेच चाबूक आला.

माथेरानला मोटार चालत नाही. माणूस चालतो, हातरिक्षा चालते आणि घोडा चालतो. पाहुण्यांना पाठीवर घेऊन लाल मातीच्या वाटेने एकेका पॉइंटला नेऊन आणायचे, हे माझे काम. ते शिकवायची येसाजीची पद्धत सोपी होती. चुकले की उपास. पोट रिकामे असले की घोडा लवकर शहाणा होतो, असे तो म्हणायचा, आणि खरे सांगतो, मी फारच लवकर शहाणा झालो. मग त्याने माझ्या कपाळावर चामड्याची पट्टी बांधली. तिच्यावर पितळी अक्षरांत ‘राजहंस’ असे नाव होते. पट्टी नवी नव्हती. कुणाच्या तरी घामाने ती आधीच काळी पडली होती. आधीचा राजहंस कुठे गेला, हे मी तेव्हा विचारले नाही.

पावसाळा सरला की डोंगरावर धुके उतरते आणि सोनकीची पिवळी फुले येतात. त्या दिवसांत मुंबईहून एक कवी यायचे. त्यांचे नाव नीळकंठ आजरेकर. येसाजी त्यांना कवीसायब म्हणायचा. त्यांच्या कविता छोट्या असत, चार ओळींच्या. पाचवी ओळ त्यांना झेपत नसे. कविता शोधायला लांब जावे लागत नाही, डोळे उघडे ठेवले तर ती रोजच्या जगण्यात पायाशी पडलेली असते, असे ते बरोबरच्या माणसांना सांगत. आणि मित्रांनो, त्यांना दिसायचे बरे का. मी उगाच नावे ठेवणार नाही. पागोळ्यांखाली मातीत ओळीने पडलेली भोके पाहून ते म्हणाले होते की पाऊस जाताना आपली पावले इथेच विसरून गेला. इतकी वर्षे मी त्या भोकांत पाय घालत होतो, मला कधी सुचले नाही.

एकदा ते येसाजीच्या झोपडीपाशी चहाला थांबले. भागूबाई ओल्या लाकडांवर फुंकर मारत होती आणि खोकून खोकून तिचे डोळे लाल झाले होते. कवीसायबांनी तिथल्या तिथे चुलीच्या निळ्या धुरावर आणि तिच्या हिरव्या बांगड्यांवर चार ओळी केल्या. खोकला त्यात बसला नाही.

माझ्याशी मात्र ते चांगले वागत. कोटाच्या उजव्या खिशात खडीसाखर ठेवत आणि मला नाकाने ती शोधून काढायला लावत. मी खिशात तोंड घातले की लहान मुलासारखे हसत. डोंगरावर मला मारल्याशिवाय काही देणारा तो एकच माणूस होता, म्हणून माझा जीव त्यांच्यावर बसला. जनावराला जीव लावायला फार लागत नाही.

एके सकाळी दाट धुके होते. एका कड्याजवळ ते खाली उतरले आणि माझ्यासमोर उभे राहून पाहू लागले. मला हलायचे होते, कारण डोळ्यांत चिलटे शिरली होती. त्यांना मी हलायला नको होतो. त्यांनी लगाम आखूड धरला आणि माझी मान सोनकीच्या फुलांपर्यंत खाली ओढली. ‘असाच थांब’ म्हणाले, आणि दुसऱ्या हाताने सिगारेटच्या पाकिटावर लिहू लागले. शब्द जुळेना. तोंडातली लोखंडी कडी माझ्या जिभेत रुतली आणि फुलांवर रक्ताचा थेंब पडला. शब्द जुळला तेव्हा त्यांनी लगाम सोडला आणि मला खडीसाखर दिली. ती खारट लागली. ती कविता अशी झाली:

उभा धुक्यामधि शुभ्र अश्व हा
मान लववुनी फूल हुंगतो;
डोळ्यांमधले थेंब सांगती
डोंगर याच्या मनी रंगतो.

आता यात खोटे काय आहे सांगा. धुके होते, मान खाली होती, फूल होते, डोळ्यांत पाणीही होते. फक्त लगाम ओढणारा हात तेवढा नव्हता. आणि मी घोडा होतो, तो अश्व झाला होता.

ती कविता शाळेच्या पुस्तकात आली आणि इथेच घोडे पेंड खाऊ लागले. पोरे पाठ करून आईबापांबरोबर डोंगरावर यायची आणि पुस्तकातला घोडा कुठे आहे म्हणून विचारायची. येसाजीला अक्षर येत नव्हते, पण पुस्तकाचे ते पान त्याने फाडून खिशात ठेवले होते. तो सगळ्यांना सांगायचा, “ह्योच तो. बुकात हाय बगा. ह्याला डोंगर कळतो.” मग प्रत्येकाला माझ्याच पाठीवर बसायचे असे. बसल्यावर फुलापाशी मान खाली घालून फोटो हवा असे. ती मान येसाजी ओढायचा. बाकीचे घोडे सावलीत माशा मारत उभे असत आणि मी उन्हात अजरामर होत असे.

पाठीला खोगिराखाली जखम झाली. ती कुणाला दिसली नाही, कारण खोगीर तिच्यावरच होते. मग पुढच्या उजव्या पायाचा खूर फुटला. येसाजीने हळद लावली, तेल लावले, शिव्या दिल्या. पाय टेकेना तेव्हा तो पुन्हा बाजाराला गेला आणि दुसरा पांढरा घोडा घेऊन आला. माझ्या कपाळावरची पट्टी सोडून त्याने त्याच्या कपाळावर बांधली. झाले. राजहंस तोच राहिला, फक्त घोडा बदलला. गिऱ्हाइकांनी त्याच्याही डोळ्यांत डोंगर पाहिला.

मी ओझ्याच्या घोड्यांत गेलो. मोटारी जिथे अडतात त्या दस्तुरीच्या नाक्यापासून हॉटेलांपर्यंत तांदूळ, कांदे, रॉकेल, जे असेल ते वाहायचे. ओझ्याच्या घोड्याला नाव नसते. एके संध्याकाळी येसाजी भागूबाईला म्हणाला की दिवाळी झाली की या लंगड्याला खाली वीटभट्टीवर देऊन टाकणार. भट्टीवर गेलेला घोडा दोन पावसाळे काढत नाही, हे डोंगरावर सगळ्यांना माहीत असते. घोड्यांनाही.

भागूबाई भाकरी थापता थापता थांबली. “दिवाळीला कवीसायब येनार हायेत, इतक्या वर्सांनी. त्यांनी वळखलं म्हंजे?”

“वळखलं तर ठिवतो,” येसाजी म्हणाला. “सायबाच्या घोड्याला कोन हाकलंल? मरंपत्तुर ठिवतो. नाय वळखलं तर जाईल.”

मित्रांनो, मी ते ऐकले आणि मला हायसे वाटले. घोडामैदान जवळच होते. ज्या माणसाला मातीतली पावसाची पावले दिसत होती, त्याला मी दिसणार नाही, असे माझ्या मनातही आले नाही.

दिवाळीत एका हॉटेलच्या अंगणात कवीसायबांचा सत्कार होता. पुस्तकातल्या घोड्याबरोबर त्यांचा फोटो काढायला मुंबईहून माणूस आला होता. नव्या राजहंसाच्या गळ्यात झेंडूची माळ होती. माझ्या पाठीवर सत्काराच्या खुर्च्या होत्या. माझी दोरी भागूबाईच्या हातात होती.

कवीसायबांचे केस पिकले होते, पण कोट तोच होता. ते नव्या घोड्यापाशी गेले, त्याच्या गळ्यात हात टाकला आणि म्हणाले, “ओळखलंस ना मला?” घोड्याने खडीसाखर खाल्ली. साखरेला कोण ओळखत नाही? कवीसायबांच्या डोळ्यांत पाणी आले. ते खरे पाणी होते. चिलटांचे नव्हते.

मी पुढे झालो. खुर्च्या खडखडल्या. मी मागून जाऊन त्यांच्या कोटाच्या उजव्या खिशात नाक घातले, जसे पूर्वी घालत असे. ते दचकून मागे सरले. खिशाला फेस लागला होता, तो त्यांनी रुमालाने पुसला. रागावले नाहीत. ते कधीच रागावत नसत.

“याला जरा बाजूला घ्या,” ते म्हणाले. “चित्रात येतोय.”

भागूबाई म्हणाली, “सायब, ह्यो…”

येसाजीने तिच्याकडे पाहिले. कवीसायबांनीही पाहिले आणि मायेने विचारले की काय म्हणता बाई. सारे अंगण तिच्या तोंडाकडे पाहत होते. तिने दोरी हाताला गुंडाळली.

“ह्यो जरा खोडीलच हाय,” ती म्हणाली, आणि तिने मला बाजूला घेतले.

कवीसायबांना तिथेच चार ओळी सुचल्या. त्यांनी त्या उभ्याने म्हणून दाखवल्या:

वर्षे सरली, केसहि पिकले,
तरी तयाने मज ओळखले;
माणुस विसरे, मुक्या जिवाने
प्रेम मनी पण जपुन राखले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. भागूबाईच्या हातात माझी दोरी होती, त्यामुळे तिला वाजवता आल्या नाहीत.

भाऊबीज झाल्यावर येसाजीने मला खाली आणले. निघताना भागूबाईने मला अख्खी भाकरी दिली. ती घेऊ नये असे मला फार वाटले होते. पण मी ती खाल्ली. भुकेला मान नसतो.

इथे भट्टीवर मंगळ्या नावाचा माणूस माझ्या पाठीवर मातीची पोती लादतो. त्याच्या हातात बाभळीची काठी असते. तो मला नावे ठेवत नाही आणि कविताही करत नाही. थांबलो की मारतो, चाललो की मारत नाही. इतका सरळ मालक मला आजवर मिळाला नव्हता. रोज सकाळी कुंपणापलीकडून तुमच्या वर्गाचा आवाज येतो. आता ती दुसरी कविताही पुस्तकात आली आहे; ‘माणुस विसरे, मुक्या जिवाने’ तुम्ही सगळे एका सुरात म्हणता. मी ऐकतो. तुमचे उच्चार स्वच्छ आहेत.

मागच्या आठवड्यात तुमच्या बाईंनी तुम्हाला कविता करून आणायला सांगितले. विषय बाहेर शोधा, रोज जे दिसते ते नीट पाहा, त्यातच कविता असते, असे त्या म्हणाल्या. मी हे वाक्य पूर्वी ऐकले होते, म्हणून कान टवकारले. मधल्या सुट्टीत तुमच्यातली कोंडी कुंपणाशी येऊन बसली. मी पोती उतरल्यावर उभा होतो आणि माझ्या पाठीवर एक बगळा बसून जखमेतले किडे वेचत होता. कोंडी खूप वेळ टक लावून पाहत होती. मला वाटले, आता हिला दिसेल. ती माझ्याकडेच पाहत होती ना! मग तिला हवे होते ते बगळ्याचे उडणे. बगळा उडेना. तिने खडा उचलून मारला. तो माझ्या डोळ्याखाली लागला. बगळा उडाला आणि कोंडीने लिहिले:

लाल मातीचा ढीग मोठा,
त्यावर पांढरा बगळा छोटा.
खडा मारला, भुर्र उडाला,
आभाळाला टिळा लागला.

बाईंनी ती वर्गात मोठ्याने वाचली आणि कोंडीला शाबासकी दिली. कविता चांगली आहे. मी कविता कवीसायबांच्या पाठीवरून, म्हणजे माझ्या पाठीवरच्या कवीसायबांकडून शिकलेलो आहे, मला थोडे कळते. खरे तर ती त्यांच्या कवितेपेक्षा चांगली आहे. त्यांनी लगाम लिहिला नव्हता. कोंडीने निदान खडा लिहिला.

आणि आज तुम्ही सगळेच कुंपणाशी आला आहात. प्रत्येकाला कविता करायची आहे, प्रत्येकाच्या मुठीत खडा आहे आणि बगळा माझ्या पाठीवर येऊन बसलेला आहे. मी पळणार नाही, माझा पाय तसा राहिलेला नाही. माझी राखण करा, मला चारा घाला, असे घोड्याने शेवटी म्हणायचे असते. मी तेही म्हणत नाही. फक्त हात वर करण्याआधी ढिगाकडे एकदा पाहा. तो श्वास घेतो आहे. पोट आत जाते, बाहेर येते, बरगड्या मोजता येतील इतक्या स्पष्ट दिसतात.

एवढी ओळ लिहून घ्या, मित्रांनो. मग मारा.