तीर्थाला माप नसतं

प्राचीचा साखरपुडा अक्षय्य तृतीयेला झाला, ते २०२३ साल. त्या वर्षी श्रावण दोनदा आला, आधी अधिक आणि मग निज. आणि दोन्ही श्रावण बडोद्यात हरणीच्या बाजूला एका सोसायटीच्या हॉलमध्ये धारामहाराजांचा मुक्काम पडला.

निज श्रावणाच्या पहिल्या सोमवारी हॉलबाहेर चपलांचा असा ढीग होता की आपली चप्पल परत मिळणं हाच एक चमत्कार ठरावा. आत छताला साखळीने एक मोठं तांब्याचं अभिषेकपात्र टांगलं होतं. आपण त्याला गळती म्हणतो. खाली महादेवाची पिंड, वरून थेंब थेंब पाणी. गळतीचं तोंड बेलाच्या पानांनी पार झाकून गेलं होतं.

"हात लावा, खालून बघा, वरून बघा!" धारामहाराज माइकवर गर्जत होते. गिरनारवर बारा वर्षं काढली म्हणे, पण पोट तसं सांगत नव्हतं. "नळी आहे का? मोटर आहे का? कॉर्पोरेशनचं कनेक्शन आहे का?"

लोक हसले.

"गेल्या सोमवारी तुमच्याच हातांनी तांब्या तांब्या भरलंत. पंधरा लिटर. वर लाल कापड, कापडाला गाठी तुमच्याच. आज सात दिवस झाले, धार क्षणभर थांबलेली नाही. घरचा नळ सोडा बरं. पंधरा लिटर किती पुरतं?"

"दोन मिनिटं!"

"आणि इथं?"

"सात दिवस!"

"मग बाकीचं पाणी कुणी आणलं? मी आणलं?" महाराजांनी बोट वर केलं. "अहमदाबादचे एक इंजिनिअर मीटर घेऊन आले होते. धार नाही मोजता आली. मीटरलाच घाम फुटला!"

हर हर महादेवचा गजर झाला आणि पुढच्या सोमवारपर्यंतसाठी पात्रात पुन्हा पंधरा लिटर भरलं गेलं.

या गर्दीत विश्वंभरराव एका प्लास्टिकच्या खुर्चीमागे उभे होते. खुर्चीत त्यांची बायको, जिजाबाई. शेजारी सून कांचन. मुलगा दहेज बंदराजवळच्या कारखान्यात नोकरीला, आठवड्याने घरी यायचा. कांचनची मुलगी प्राची सुरतच्या एका रुग्णालयात परिचारिका होती. तिचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर ठरलं होतं आणि जिजाबाईंना तेवढंच बघायचं होतं.

जिजाबाईंच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. मंगळवार आणि शुक्रवार डायलिसिस. लघवी जवळजवळ बंद, म्हणजे प्यायलेलं पाणी अंगातच राहायचं. डॉक्टरांनी दिवसाला सातशे मिलिलिटर बांधून दिलं होतं, चहा, ताक, आमटी सगळं धरून. विश्वंभरराव रोज सकाळी एका बाटलीत बरोबर सातशे भरत. जिजाबाई चहा प्यायल्या की तेवढं पाणी बाटलीतून ओतून टाकत. त्या बाबतीत ते बायकोचंही ऐकत नसत.

नंबर आला तेव्हा जिजाबाईंनी आजार सांगितलाच नाही. त्या म्हणाल्या, "महाराज, मला तहान लागते हो."

महाराज माइक बाजूला करून म्हणाले, "मग पी ना, माई. पाणी नको. तीर्थ पी. एक माळ ओढायची, एक पळी घ्यायची. उठल्यापासून झोपेपर्यंत. तुझ्या किडनीची गळती बंद पडली आहे, ती ही गळती उघडील."

"पण डॉक्टरांनी मोजून..." विश्वंभरराव बोलू लागले.

"नाना," महाराजांचा सेवक रणवीर त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तीर्थाला माप नसतं."

आणि विश्वंभरराव गप्प बसले. का बसले, हे त्यांना पुढे फार वेळा विचारावं लागलं, स्वतःलाच. निर्जळी एकादशी करणारी त्यांची आईसुद्धा तीर्थ घ्यायची. तीर्थाने उपास मोडत नाही, हे त्यांना अक्षरं यायच्या आधीपासून ठाऊक होतं. मग तीर्थाने पथ्य कसं मोडेल? शिवाय पहिली पळी ओठांना लागताना जिजाबाईंनी डोळे मिटले. तो चेहरा त्यांनी दोन वर्षांत पाहिला नव्हता.

खरं तर बडोद्यात हे सगळं ज्याने आधी ओळखावं, असा तो माणूस. खानदेशातून कोयलीच्या रिफायनरीत हेल्पर म्हणून आले तेव्हा त्यांना सही येत नव्हती. आकडे आधी आले, मीटरच्या तबकड्या वाचून. अक्षरं आली तिशी उलटल्यावर. त्यांचे सुपरवायझर दिनकरराव मोठे खवट गृहस्थ होते. साहेबलोक दिवसाला बॅरल बोलत, पंप तासाला घनमीटर दाखवी, औषध सोडणारा छोटा पंप तासाला लिटर. दिनकरराव विचारत, "विश्वंभर, शंभर घनमीटर तासाला, म्हणजे बॅरल किती दिवसाला?" आणि उत्तर यावं लागे, पंधरा हजार. पाण्याच्या पाइपाच्या जोडातून एखादा थेंब टपकताना दिसला आणि विश्वंभर म्हणाले की 'थेंबच आहे साहेब', की दिनकरराव भडकत. "थेंब म्हणू नकोस. दिवसाला किती ते सांग!" सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला सव्वाचार लिटरच्या वर. तिथे गळती या शब्दाने माणसं धावत सुटत. घरी गळतीला हात जोडत.

मंगळवारी डायलिसिसच्या आधी निरुपमाबेनने जिजाबाईंना काट्यावर उभं केलं. त्या तिथल्या जुन्या सिस्टर. "नाना, वजन नेहमीपेक्षा पाऊण-एक किलो वर आहे. पाणी जास्त गेलंय."

"शक्य नाही. सातशे म्हणजे सातशे."

"तो पछी आ वजन हवामांथी आव्युं?"

"हवेतून आलं की कुठून, मला माहीत नाही, बेन," विश्वंभरराव ताठ झाले, "कोयलीत अठ्ठावीस वर्षं प्रवाह मोजलाय मी. मला मोजमाप शिकवू नका."

निरुपमाबेनने त्यांच्याकडे पाहिलं आणि मशीन लावलं. तीर्थाचं कुणी बोललं नाही. लपवायचं होतं म्हणून नव्हे. ते पाण्यात मोजायचं असतं हे कुणाच्या मनातच आलं नाही.

बुधवार, गुरुवार माळ फिरत राहिली; कांचन रोज हरणीहून तीर्थाची बाटली भरून आणी. बडोद्याच्या वाडी भागातल्या त्यांच्या दोन खोल्यांत मण्यांचा आणि पळीचा आवाज. सातशेची बाटली संध्याकाळी नेमकी रिकामी, ना कमी ना जास्त. शुक्रवारी सकाळी जिजाबाईंचे पाय सुजून चकचकीत झाले. कांचनने रणवीरला फोन लावला आणि ठेवून म्हणाली, "नाना, ते म्हणतात सूज म्हणजे रोग बाहेर निघतोय. आज मशीन नको. मशीनची धार आणि महादेवाची धार एकत्र चालत नाही."

"असं कसं? डायलिसिस चुकवायचं?"

"एक दिवस, हो," जिजाबाई पलंगावरून म्हणाल्या. "एकच दिवस सुई नको. हाताची चाळण झालीय माझ्या. तुम्हाला काय जातंय हट्ट करायला?"

विश्वंभररावांनी दवाखान्यात निघायला काढलेली चप्पल घातलीच नाही.

शनिवारी दुपारी तीर्थ संपलं म्हणून ते बाटली घेऊन हरणीला गेले. हॉलमध्ये मोजून दहाबारा माणसं होती. रांग हलेपर्यंत ते गळतीसमोर भिंतीला टेकून बसले. टप्. टप्. सवयीने त्यांची नजर मनगटावरच्या घड्याळाकडे गेली. मिनिटाला तीस. पुन्हा मोजले. तीस. त्यांच्या डोक्यात कुठेतरी दिनकरराव खाकरले. थेंब म्हणू नकोस, दिवसाला किती ते सांग.

त्यांनी प्राचीला फोन केला. ती सुरतेहून गाडीत बसली होती.

"प्राची, सलाइनचे किती थेंब म्हणजे एक मिलि?"

"साध्या सेटचे वीस. का हो आजोबा?"

"काही नाही. असंच."

वीस थेंबांचा एक मिलि. मिनिटाला तीस थेंब म्हणजे दीड मिलि. तासाला नव्वद. दिवसाला दोन लिटर एकशेसाठ. साताने गुणा. पंधरा लिटर आणि वर शंभर-सव्वाशे मिलि.

पंधरा लिटर भरलं आणि पंधरा लिटर गळलं. महादेवाला वरून एक थेंब आणावा लागला नव्हता.

ते हसलेच. मग त्यांच्या लक्षात आलं की गणित जरा जास्तच नेमकं जमतंय. टाकीतली पातळी उतरली की धार मंदावते, हे कोयलीतला पहिल्या वर्षाचा पोरगाही जाणतो. आज सहावा दिवस, भांडं तळाला आलेलं, तरी तीसच? तेवढ्यात रणवीर उठला, गळतीच्या तोंडाशी बेलाचं पान वाहिलं आणि वाहताना त्याचा अंगठा पानांखाली कसलंसं चाक फिरवल्यासारखा सरकला. टप्, टप्, टप्. पुन्हा तीस.

'सापडलास लेका,' असं म्हणत विश्वंभरराव उठणार, इतक्यात मांडीवरची रिकामी बाटली त्यांच्या हाताला लागली.

पळी.

पळीत पाच मिलि मावतं. एक माळ पाच मिनिटांची. म्हणजे मिनिटाला एक मिलि. तासाला साठ. पहाटे पाचला उठायची, संध्याकाळी सातला झोपायची, चौदा तास. आठशे चाळीस. सातशेच्या वर आठशे चाळीस. रोज. मंगळवारनंतर चौथा दिवस, आणि कालचं मशीन चुकवलेलं.

तीन लिटरहून जास्त पाणी त्या बाईच्या अंगात उभं होतं, आणि बांधून दिलेल्याच्या दुप्पट पाणी तिला रोज त्यांच्याच घरात पाजलं गेलं होतं. बाटली तिथेच टाकून ते बाहेर धावले. चप्पल घालायलाही थांबले नाहीत, अनवाणीच रिक्षात बसले.

घरी जिजाबाई पलंगावर बसून श्वास ओढत होत्या, आडवं होता येत नव्हतं. हातात माळ होती. प्राची स्टेशनवरून नुकतीच आली होती आणि फोनवर अ‍ॅम्ब्युलन्सला पत्ता सांगत होती. तिने आजोबांकडे पाहून एवढंच विचारलं, "किती?"

"दिवसाला पंधराशे चाळीस," विश्वंभरराव म्हणाले.

रुग्णालयात मशीनने तीन लिटर पाणी ओढून काढलं. पण फुप्फुसं भरली तेव्हा हृदयावर ताण आला होता, तो काही मशीनला ओढता आला नाही. रविवारी डॉक्टर म्हणाले, बघू. सोमवारी सकाळी अतिदक्षता विभागाच्या दाराशी कांचन उभी राहिली. हातात तांब्या, डोळे रडून सुजलेले. "नाना, आज गळती उतरवतात. ताजं तीर्थ आणते. ओठांना एक थेंब तरी लावू द्या."

विश्वंभररावांना ओरडावंसं वाटलं. पण तिच्या भरवशाला त्यांनीच आठवडाभर मान डोलावली होती. ते म्हणाले, "चल. मीही येतो. प्राची, तूही चल."

हॉलमध्ये तीच गर्दी, तोच माइक. "सात दिवस झाले! नळी आहे का? मोटर आहे का?"

"नळी आहे," विश्वंभरराव मोठ्याने म्हणाले.

माना वळल्या. महाराज गोड हसले. "कोण, नाना? या, या. माई कशी आहे?"

"दवाखान्यात आहे. तुमच्या पळीमुळे आणि माझ्या मूर्खपणामुळे." त्यांनी घड्याळ काढून पहिल्या रांगेतल्या एका बाईच्या हातात दिलं. "ताई, मिनिटभर थेंब मोजा."

"ए काका, पूजेत विघ्न नका आणू!" रणवीर धावला.

"मोजू द्या ने भाई, मोजण्यात शुं जाय छे?" मागून कुणीतरी म्हणालं.

बाईने मोजले. "तीस."

विश्वंभररावांनी हिशेब मांडला, अगदी दिनकररावांसारखा, एक एक पायरी थांबून. थेंबांचे मिलि, मिनिटाचा तास, तासाचा दिवस, दिवसाचा आठवडा. शेवटचा गुणाकार अर्ध्या हॉलने त्यांच्याबरोबर म्हटला. पंधरा लिटर हा आकडा आला तेव्हा कुणीच हर हर म्हणालं नाही.

तोवर प्राचीने गळतीच्या तोंडावरची पानं बाजूला केली. आत पारदर्शक नळीचा वीतभर तुकडा होता आणि त्यावर पांढरं चाक. "हा सलाइनचा सेट आहे," ती म्हणाली. "चाक फिरवलं की थेंब कमी-जास्त होतात. आमच्या वॉर्डात असे चाळीस चमत्कार रोज टांगलेले असतात."

काही जण हसले. महाराज हसले नाहीत. "श्रद्धा चाकात नसते, पोरी, भावात..." त्यांनी सुरुवात केली, पण माइक कुणीतरी बंद केला होता. पुढच्या रांगेतली एक म्हातारी हळूच म्हणाली, "पण माझे गुडघे तर खरंच बरे वाटतात हो." चार-पाच जण पिंडीपुढचं तीर्थ तरीही बाटलीत भरून घेऊन गेले. दोन दिवसांनी महाराजांनी बाडबिस्तरा गुंडाळला. पुढे कुठे गेले ते कळलं नाही, पण कुठेतरी गळती टांगलीच असणार.

कांचनने तांब्या रिकामाच परत आणला. रिक्षात ती म्हणाली, "नाना, मीच पळी पुढे करत होते. प्रत्येक माळेला. मी."

"आणि मी मोजणारा होतो," विश्वंभरराव म्हणाले.

वाचणाऱ्यांना एवढंच सांगायचं. देव मानायचा की नाही हे ज्याचं त्यानं बघावं. पण पोटात जातं ते पाणी असतं, मग ते बाटलीतलं असो, पळीतलं असो की पिंडीवरचं. कुणी म्हणालं की याला माप नसतं, तर तिथेच घड्याळ काढा. मिनिटाचं ऐकू नका, दिवसाचं विचारा. आणि डॉक्टरांना सांगताना काही गाळू नका, तीर्थसुद्धा. डॉक्टरचं औषध थांबवायला सांगणाऱ्या माणसाच्या पाया पडण्याऐवजी त्याला दार दाखवा. हे सगळं विश्वंभररावांना येत होतं. त्यांनी ते घराच्या उंबऱ्याबाहेर ठेवलं.

प्राचीचं लग्न मार्गशीर्षात झालं, वाजंत्र्यांशिवाय.

जिजाबाई विश्वंभर, वय सहासष्ट, शनिवार, दिनांक २ सप्टेंबर २०२३ रोजी सकाळी साडेदहा वाजता बडोद्यात वारल्या.